नदीचा निरोप

पावसाळ्यात कोल्हापूरकर एकमेकांस प्रथम विचारतात ते कुशल नव्हे, "पाणी किती फुटांवर?" हे होय. माझ्या लहानपणी याचे उत्तर आणावयास पंचगंगेच्या घाटावर जावे लागे. कोणती पायरी बुडाली ते पाहून घरी येऊन सांगावे, तोवर आणखी एक बुडालेली असावयाची! राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी. तेथील आकडाही माणसाने वाचून पुढे कळवावयाचा. सारी यातायात विचारणाऱ्याची.

याच्या उलट रीत राधानगरीस दिसते. शाहू छत्रपतींनी आरंभिलेल्या त्या धरणास सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की पाण्याच्याच भाराने ते उघडतात. कोणी हुकूम द्यावा लागत नाही. विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली खडकवासल्यास असे स्वयंचलित दरवाजे बसविले होते.

संगणकाच्या जगात याच जातीच्या युक्तीस जेफ लिंडसे या संगणकतज्ज्ञाने २००७ साली 'वेबहूक' हे नाव दिले. इंटरनेटशी जोडलेल्या पातळीमापकास घटकेघटकेस "काही नवे?" असे पुसत बसावयाचे नाही. ज्या यंत्रणेत त्याची माहिती जमते, तिला आपल्या संगणकाचा पत्ता एकदाच लिहून द्यावा आणि कोणत्या प्रसंगी निरोप धाडावा तेही ठरवून द्यावे. उदाहरणार्थ, पाणी ३९ फुटांस पोचताच. निरोप मिळाला की आपल्या संगणकाने २०० हा संकेतांक धाडून पोच द्यावयाची. पोच न गेल्यास पुष्कळ यंत्रणा तोच निरोप पुन्हा धाडतात. म्हणून प्रत्येकावर क्रमांक हवा, नाहीतर एकच पूर दोनदा मोजला जाईल. खोट्या निरोपाने गाव हादरू नये यासाठी गुप्त संकेताने केलेली सहीही तपासून घ्यावी.

कृष्णा-भीमा खोऱ्यांत २०१० नंतरच्या दशकात स्वयंचलित पर्जन्यमापके व पातळीमापके बसली. तरी मला एक धास्ती वाटते. २०१९ व २०२१ साली पंचगंगा ५५ फुटांवर गेली. अशा वेळी वीज जाते, मनोरे मुके होतात, आणि निरोप आला नाही याचा अर्थ पाणी चढले नाही असा घेतला जातो. म्हणून मापकाने काही घडले नसतानाही ठराविक वेळाने "मी जागा आहे" एवढे कळवीत राहावे. ते न आल्यास इकडून विचारणा व्हावी.

२०१९ साली माझा मोबाइल रात्रीच बंद पडला होता. पहाटे शेजारचा मुलगा गुडघाभर पाण्यातून आला आणि म्हणाला, "गुरुजी, पाणी कोपऱ्यावर आलं." मी आधी पुस्तकांची पेटी माडीवर नेली.