संगीतसूर्य केशवराव भोसले : ३१ वर्षांचं आयुष्य, शंभर वर्षांहून जुनं नाव

कोल्हापूर : ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा गावोगावच्या मोबाईलवर त्याचे व्हिडिओ फिरले. दुसऱ्या दिवशी ९ ऑगस्ट, म्हणजे केशवरावांची जयंती. नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, पण हा माणूस नेमका कोण होता हे तरुण पोरांना सांगता येत नाही. म्हणून ही माहिती.

गरिबीतलं बालपण
केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडील लवकर गेले आणि घरात अठराविश्वे दारिद्र्य आलं. शाळेच्या वयात केशवराव आणि मोठे बंधू दत्तोबा स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत गेले. त्या काळी नाटक कंपनीत पोरगं ठेवलं की त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय व्हायची आणि गाणंही शिकायला मिळायचं.

'शारदा'नं नाव झालं
गोविंद बल्लाळ देवल यांचं 'संगीत शारदा' हे नाटक १८९९ साली रंगभूमीवर आलं. पैशासाठी लहान मुलगी म्हाताऱ्याला देण्याच्या रूढीवर ते होतं. बायका रंगभूमीवर येत नसत, पुरुषच लुगडं नेसून स्त्रीभूमिका करत. बाल केशवची शारदा लोकांनी डोक्यावर घेतली. तेव्हा माईक नव्हता. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत आवाज पोचवायचा तर तो छातीतूनच काढावा लागे. केशवरावांचा आवाज उंच, पल्लेदार आणि धारदार होता. पुढे रामकृष्णबुवा वझे यांच्याकडून त्यांना रागदारीची तालीम मिळाली.

सतराव्या वर्षी कंपनीचे मालक
१ जानेवारी १९०८ रोजी हुबळी इथं त्यांनी 'ललितकलादर्श' ही स्वतःची मंडळी काढली. वय अवघं सतरा. कंपनी चालवणं म्हणजे शेतीसारखंच. माणसं पोसायची, आधी खर्च करायचा आणि उत्पन्न हातात येईल तेव्हा खरं. या कंपनीनं वीर वामनराव जोशी यांचं 'राक्षसी महत्त्वाकांक्षा', मामा वरेरकरांची 'हाच मुलाचा बाप' आणि 'संन्याशाचा संसार' अशी नाटकं केली. 'हाच मुलाचा बाप' हे हुंड्यावरचं नाटक. आज शंभर वर्षांनीही तो प्रश्न आपल्या गावातून गेलेला नाही. 'शहा शिवाजी' नाटकात केशवरावांनी शिवरायांची भूमिका केली.

संयुक्त मानापमान
बालगंधर्व आणि केशवराव हे त्या काळचे दोन मोठे गायक नट. दोघांच्या कंपन्या वेगळ्या, चाहतेही वेगळे. त्यांच्यात वाद चालायचे. पण ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी दोघं एका रंगमंचावर आले. खाडिलकरांच्या 'मानापमान'मध्ये केशवराव झाले गरीब शूर सैनिक धैर्यधर आणि बालगंधर्व झाले श्रीमंताची लेक भामिनी. दोन स्पर्धक कंपन्यांनी देशकार्यासाठी एकत्र येणं ही तेव्हा फार मोठी गोष्ट होती. मराठी नाटकाच्या इतिहासात हा प्रयोग आजही सांगितला जातो.

अकाली अंत
त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत. केशवरावांना विषमज्वर, म्हणजे टायफॉईड झाला. आज गोळ्या-इंजेक्शननं बरा होणारा हा ताप, पण तेव्हा त्यावर अँटिबायोटिक नव्हतं. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी वयाच्या ३१ व्या वर्षी ते गेले. त्यांच्यामागं बापूराव पेंढारकर आणि नंतर भालचंद्र पेंढारकर यांनी 'ललितकलादर्श' चालू ठेवली.

नाट्यगृहाला नाव कसं पडलं?
राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात खासबाग मैदानाला लागून 'पॅलेस थिएटर' बांधलं. एका अंगाला कुस्ती, दुसऱ्या अंगाला नाटक. महाराजांनी पैलवान आणि कलावंत दोघांनाही आधार दिला, त्याची ही खूण. १९५७ साली या थिएटरला केशवरावांचं नाव दिलं गेलं.

आगीनंतर ही वास्तू पुन्हा उभारण्याचं काम हाती घेण्यात आलं. भिंती बांधता येतात, पण आत नाटक झालं तरच ते नाट्यगृह. आपल्या गावच्या जत्रेत, गणपतीत आजही हौशी पोरं नाटक बसवतात. त्यातलं एखादं पोरगं बिनमाईकचं शेवटच्या रांगेपर्यंत गात असेल, तर त्याला गाणं शिकायला धाडा. केशवरावही असंच गरिबाघरचं पोरगं होतं.