घरातले मृत्यू कसे वाचायचे : प्रस्तावना

‘स्टोव्हचा भडका उडाला आणि पदर पेटला.’ जळीत कक्षात घेतलेल्या मृत्युपूर्व जबाबांत हे वाक्य वर्षानुवर्षं येत राहिलं. जबाब देताना खाटेशेजारी सासू उभी होती का, मूल कुणाच्या ताब्यात होतं, हे त्या कागदावर सहसा सापडत नाही. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, फाइल मिटते. या विषयाकडे वळणाऱ्या तुम्हा सर्वांना एक विनंती आधीच करते : मृत्यूच्या दिवसापासून मागे मागे जायला शिका. घरातल्या खुनाची सुरुवात त्या दिवशी झालेली नसते.

1982 च्या जूनमध्ये पुण्यात एका तरुण विवाहितेचा विषाने मृत्यू झाला. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. सत्र न्यायालयाने नवऱ्याला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली आणि 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. परिस्थितिजन्य पुराव्याची त्या निकालातली पाच तत्त्वं ‘पंचशील’ म्हणून कायद्याच्या वर्गात आजही शिकवली जातात, आणि ती शिकवलीच पाहिजेत. पण त्याच निकालात तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांचीही चर्चा आहे. नवऱ्याच्या दुर्लक्षाची, मनातल्या घुसमटीची ती पत्रं खून सिद्ध करायला पुरली नाहीत. तिचं जगणं कळायला मात्र ती पुरेशी आहेत. फौजदारी खटला आणि सामाजिक अभ्यास यांचे प्रश्न वेगळे असतात, हे मला तरी याच निकालाने सर्वांत स्पष्ट दाखवलं. त्या सुमारास पुण्यात स्त्रीवादी कार्यकर्त्या विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच उभा केला आणि या मृत्यूंवरचं प्रदर्शन गावोगाव नेलं. 1983 मध्ये भारतीय दंड संहितेत विवाहितेच्या छळाविरुद्धचं कलम 498अ, 1986 मध्ये हुंडाबळीचं कलम 304ब आणि 2005 मध्ये कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आला, त्यामागे देशभरातल्या अशा चळवळींचा रेटा होता.

‘खून तो खून, त्यात बाई-पुरुष कशाला?’ हा प्रश्न तुम्हाला घरीदारी ऐकू येईल. तो झटकू नका, उत्तर द्या. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2023 मध्ये जगभरात सुमारे 51,100 स्त्रिया आणि मुली जोडीदाराच्या किंवा कुटुंबीयांच्या हातून मारल्या गेल्या. खून झालेल्या स्त्रियांपैकी त्या 60 टक्के होत. पुरुषांच्या बाबतीत हेच प्रमाण सुमारे 12 टक्के. पुरुष अधिक संख्येने मारले जातात, पण बहुतांशी घराबाहेर. म्हणजे जीव वाचवायचे तर दोन ठिकाणी दोन वेगळे उपाय हवेत. भारतात 2022 मध्ये हुंडाबळीचे 6,450 गुन्हे नोंदले गेले. लग्नाला सात वर्षं उलटली की तीच मरणं या रकान्यात बसत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

खोट्या तक्रारींचा मुद्दाही निघेल. खोटी तक्रार असू शकते. मात्र आरोपी सुटला म्हणजे तक्रार खोटी होती, असं गृहीत धरू नका. साक्षीदार फुटतात, माहेर तडजोड करतं, ‘नांदायला जा’ म्हणून मुलीला परत धाडलं जातं. तिने याआधी कुणाकुणाचं दार ठोठावलं, तिला कुणी परत पाठवलं आणि काय सांगून, हे शोधायला पुढच्या प्रकरणापासून सुरुवात करू.