तुलुम : समुद्राकाठचे माया नगर

कोझुमेल बेटाला क्रूझ लागली की अनेक प्रवासी फेरीबोटीने मेक्सिकोच्या मुख्य भूमीवर उतरतात आणि तुलुमचे अवशेष पाहतात. तीन बाजूंना दगडी तट, चौथ्या बाजूला कड्याखाली कॅरिबियन समुद्र! १३व्या ते १५व्या शतकांत हे भरभराटीचे बंदर होते. ऑब्सिडियनसारखा माल येथे होड्यांतून येई.

‘माया लोक गूढरीत्या नाहीसे झाले’ असे वारंवार सांगितले जाते. वास्तविक १५१८ मध्ये स्पॅनिश जहाजे या किनाऱ्यावरून गेली, तेव्हा तुलुम नांदते होते. पुढे युरोपीयांसोबत आलेल्या रोगराईने ते ओस पडले. माया लोक मात्र उरले. १८४७ मध्ये त्यांनी युकातानात मोठा उठाव केला, आणि त्यांची भाषा आजही तेथे लाखो लोक बोलतात.