दाखवायचा माल, द्यायचा माल

ऑनलाइन खरेदीत चित्रात एक दिसते आणि खोक्यातून दुसरेच निघते, ही तक्रार आता घरोघरी ऐकू येते. चित्रातली पितळी समई हातात येते तेव्हा पितळेचा रंग दिलेला पत्रा असतो. पैठणी म्हणून मागवलेली साडी यंत्रमागावरची, कृत्रिम धाग्याची निघते. भांडायला जावे तर वर्णनात कुठेतरी बारीक अक्षरांत 'ब्रास फिनिश' किंवा 'पैठणी स्टाईल' असे लिहिलेले सापडते. म्हणजे खोटे काहीच नाही! धर्मराजाने 'अश्वत्थामा' मोठ्याने म्हणावे आणि 'कुंजर' हळूच, त्यातलाच हा प्रकार.

लोक म्हणतात, काळ बदलला, माणसे लबाड झाली. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे पटत नाही. लबाडी फार जुनी आहे. बदलले आहे ते वेगळेच, आणि तेच सांगण्यासाठी हा लेख.

कौटिल्याच्या अर्थशास्त्राची हस्तलिखित प्रत १९०५ साली म्हैसूरच्या शामशास्त्रींच्या हाती आली आणि १९०९ मध्ये ग्रंथ छापून निघाला. त्याच्या चौथ्या अधिकरणात व्यापाऱ्यांपासून लोकांचे रक्षण कसे करावे यावर एक प्रकरणच आहे. हलक्या जातीची वस्तू अस्सल जातीची म्हणून विकली तर किमतीच्या आठपट दंड. जिथली नाही तिथली म्हणून विकली, खोटी चकाकी आणून विकली, किंवा एक डबी दाखवून दुसरी हातात दिली, तर वस्तू अगदी स्वस्त असली तरी ५४ पण दंड. डबी बदलण्याच्या या प्रकाराला तिथे 'समुद्गपरिवर्तिम' असा स्वतंत्र शब्द आहे. समुद्ग म्हणजे डबी. ज्या अर्थी शब्द घडवावा लागला, त्या अर्थी फसवणूक नेहमीचीच असणार! आणि 'जिथली नाही तिथली' म्हटले की आपल्याला आठवतो हापूस. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी 'देवगड' छापलेल्या पेटीत परराज्यातला आंबा निघतोच.

पण त्या प्रकरणात मला महत्त्वाचा वाटतो तो 'संस्थाध्यक्ष'. संस्था म्हणजे इथे बाजारपेठ. वजने-मापे तपासणे आणि जुना माल विकायला आला तर तो विकणाऱ्याचाच आहे ना, हे पाहणे त्याच्याकडे होते. म्हणजे विकणारा जबाबदार होताच, पण बाजारावर लक्ष ठेवणाराही कुणीतरी होता. आपल्याकडच्या पेठांमध्ये शेटे-महाजन असत. पेठ वसवायची, व्यापाऱ्यांकडून आपला हक्क घ्यायचा आणि पेठेची व्यवस्थाही पाहायची, अशी ती वतने होती. पेशवाईत पुण्याच्या कोतवालाकडे चोऱ्या-भांडणांबरोबर बाजाराची देखरेखही होती. हे सगळे अंमलदार धुतल्या तांदळासारखे होते असे मुळीच नाही. पण बाजारात फसलेल्या माणसाला कुणाच्या दारात उभे राहायचे ते ठाऊक होते.

इंग्रजी अमलात माल सातासमुद्रापलीकडून येऊ लागला. मँचेस्टरच्या कापडाला चिनी मातीची खळ चोपडून वजन वाढवलेले असे. पहिल्या धुण्यात खळ जायची आणि हाती राहायचे विरविरीत कापड. खोटी व्यापारी चिन्हे आणि खोटी वर्णने यांना आळा घालण्यासाठी १८८९ मध्ये कायदा झाला. इथल्या गिरण्यांच्या ताग्यांवर लांबी किती वार ते छापणेही त्याने सक्तीचे केले. पुढे १९३० चा मालविक्री कायदा आला. त्याच्या १५ व्या कलमात म्हटले की वर्णन करून विकलेला माल त्या वर्णनाप्रमाणेच असला पाहिजे. लगेच पुढच्या, १६ व्या कलमाचा गाभा मात्र असा की एरवी गिऱ्हाइकाने आपले डोळे उघडे ठेवावेत. ही दोन कलमे शेजारी-शेजारी नांदतात याची मला नेहमी गंमत वाटते.

पण डोळे उघडे ठेवून पाहायचे काय, जर माल समोरच नसेल? हा प्रश्न टपालाने आणला. व्ही. पी. ची पद्धत आपल्याकडे १८७७ मध्ये सुरू झाली. जाहिरात वाचायची, कार्ड टाकायचे, पोस्टमन पार्सल घेऊन दारात येणार, आधी पैसे मोजायचे आणि मगच दोरी सोडायची. घड्याळाच्या पार्सलात दगड निघाल्याच्या गोष्टी आमच्या पिढीने पुष्कळ ऐकल्या. टपालखाते फक्त पोहोचवणारे होते. जाहिरात कुणाची वर दाखवायची आणि कुणाची खाली, हे पोस्टमन ठरवत नव्हता.

ग्राहकाला एकट्याने लढणे जमत नाही हे ओळखून १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारच्या घरांनी गट करून महिन्याचा किराणा एकत्र खरेदी करावा, इतकी साधी कल्पना, पण त्यातून पारखलेला माल घरात येऊ लागला. २४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक संरक्षण कायदा झाला त्यामागे अशा चळवळींचा रेटा होता.

आता पुन्हा आजच्या बाजाराकडे येऊ. हे बाजार म्हणतात, आम्ही केवळ मध्यस्थ, वर्णन विक्रेत्याचे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या (२०००) ७९ व्या कलमात मध्यस्थाला काही अटींवर संरक्षण आहे, त्याचा हा आधार. म्हणजे आम्ही पोस्टमन! पण हा पोस्टमन प्रत्येक विक्रीवर कमिशन घेतो, पैसे भरणाऱ्याचा माल यादीत वर सरकवतो आणि 'आज फक्त दोनच शिल्लक' असे कानात सांगतो. हे काम पोस्टमनचे नव्हे, शेटे-महाजनाचे आहे. हक्क घ्यायचा तर व्यवस्थाही बघायला हवी.

कायदा हळूहळू तिकडे वळतो आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल वर्णनाबरहुकूम नसेल तर विक्रेत्याला तो परत घेणे नाकारता येत नाही. चित्र आणि वर्णन खरे असल्याची हमी विक्रेत्याकडून घेणे हे बाजार चालवणाऱ्याचे काम ठरले. २०२२ मध्ये सक्तीचे मानक नसलेले २,२६५ प्रेशर कुकर विकले गेल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲमेझॉनला एक लाख रुपये दंड केला. विक्रीतून कमाई होते तर हात झटकता येणार नाहीत, हा त्यातला मुद्दा होता. कंपनी न्यायालयात गेली. जानेवारी २०२४ मध्ये साधे लाडू-पेढे 'श्रीराम मंदिर अयोध्या प्रसाद' या नावाने विकायला ठेवले गेले, तेव्हाही याच कंपनीला नोटीस गेली. त्यानंतर ते पदार्थ विक्रीतून काढले गेले. आता बघा, पेढ्यात भेसळ असल्याची तक्रार नव्हती. खोटे होते ते फक्त नाव. पण श्रद्धेने मागवणाऱ्या माणसाने पैसे मोजले असते ते त्या नावासाठीच.

म्हणून माझ्या वयाच्या वाचकांना एवढेच सांगेन. फसलात तर 'आपल्यालाच कळले नाही' म्हणून गप्प बसू नका. मागवताना त्या पानाचे चित्र फोनमध्ये जपून ठेवा, खोके उघडताना नातवाला चित्रण करायला सांगा. कंपनीने दाद दिली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. रक्कम दोनशे रुपयांची असली तरी फोन करा. कौटिल्याने ५४ पणांचा दंड सांगितला तो अगदी कमी किमतीच्या वस्तूसाठी होता, हे विसरू नका.