पुंडलिकाची वीट

आईवडिलांचे पाय चेपत बसलेल्या पुंडलिकाने दारी आलेल्या विठ्ठलाला उभे राहायला वीट सरकवली, अशी कथा आहे. कीर्तनात भर असतो तो देवदर्शनावर. कथेचा जीव मात्र पुंडलिकाच्या न उठण्यात आहे, आणि देवालाही त्यात अपमान वाटत नाही. आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी पुण्यात भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरात, तुकोबांची नाना पेठेतील निवडुंग्या विठोबा मंदिरात मुक्कामाला असते. तेव्हा पुणेकर वारकऱ्यांच्या सुजलेल्या पायांना तेल चोळतात, ते सेवेच्या याच शिकवणीतून. घरात अंथरुणाला खिळलेल्यांची रोजची सेवा त्याहून अवघड. वाचकांनी पूजेला बसण्याआधी वडीलधाऱ्यांचे औषधपाणी अवश्य विचारावे. — संपादक