व्याकरण बरोबर, तरी वाक्य का खटकतं?

माझ्या पहिल्या पेपरच्या मसुद्यात मी 'वी डिड ॲन अटेम्प्ट' असं लिहिलं होतं. गाइडनी 'डिड' खोडून वर 'मेड' लिहिलं. कर्ता, क्रियापद, काळ सगळं जागेवर होतं. मग चुकलं कुठे? पुढे संशोधनाला येणार असाल तर हा प्रश्न तुम्हालाही पडणार, म्हणून त्याचा थोडा इतिहास सांगतो.

हा प्रश्न गंभीरपणे हाताळला गेला तो जपानमध्ये. हॅरॉल्ड पामर 1922 मध्ये तिथे इंग्रजी अध्यापनाचे सल्लागार म्हणून गेले. नेहमी एकत्र येणाऱ्या शब्दांच्या जोड्यांना, म्हणजे 'कोलोकेशन'ना, वाहिलेला त्यांचा अहवाल 1933 मध्ये टोकियोत निघाला. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी यांनी 1942 मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी कोश काढला. आपण वापरतो त्या ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरीचं मूळ तेच. म्हणजे हा कोश मुळात तुमच्या-माझ्यासारख्यांसाठीच बनला!

पुढे लाहोरमध्ये काही वर्षं इंग्रजी शिकवलेल्या जे. आर. फर्थ यांनी मांडलं की शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरूनही कळतो. हॅलिडे यांनी 1966 मध्ये उदाहरण दिलं चहाचं: तो 'स्ट्राँग' असतो, 'पॉवरफुल' नाही. आपणही चहा 'कडक' म्हणतो, 'बळकट' म्हणत नाही. का, याला नियम नाही. वहिवाट आहे. 1980 च्या दशकात बर्मिंगहॅममध्ये जॉन सिंक्लेअर यांच्या गटाने छापील आणि बोली इंग्रजीचा प्रचंड साठा संगणकावर घेऊन ही वहिवाट तपासली. त्यातून 1987 मध्ये कोबिल्ड कोश आला.

आता माझ्या 'डिड'कडे या. मराठीत प्रयोगही 'करतो', प्रयत्नही 'करतो', चूकही 'करतो'. इंग्रजीत मात्र एक्सपेरिमेंट 'कंडक्ट' किंवा 'परफॉर्म' होतो, अटेम्प्ट आणि मिस्टेक 'मेक' होतात. डोक्यातलं एकच 'करणे' आपण सगळीकडे 'डू' म्हणून चिकटवतो. व्याकरण त्याला अडवत नाही, वाचणारा मात्र अडखळतो.

म्हणून पेपर वाचताना नुसतं नाम टिपू नका. त्याच्यासोबतचं क्रियापदही वहीत उतरवा. 'कन्क्लूजन' एकटं लिहू नका, 'ड्रॉ अ कन्क्लूजन' लिहा. शंका आली तर लर्नर्स कोशातलं उदाहरणाचं वाक्य बघा. माझी वही आता अर्धी भरली आहे, आणि परवाच्या मसुद्यात 'डू'वर एकही खोडाखोड नव्हती.