धर्म बदलला, ताट नाही

१/ दौंड तालुक्यातील केडगाव हे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे गाव. केकसाठी दूधविरहित चॉकलेट चिप्स शोधणाऱ्याला आज पडणाऱ्या प्रश्नाचे जुने रूप रमाबाईंच्या चरित्रात सापडते.

२/ १८८३ मध्ये त्या इंग्लंडमधील वाँटेज येथे गेल्या आणि त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शाकाहार मात्र सोडला नाही. अंडी घातलेले पुडिंगही नाकारले. सिस्टर जेराल्डीन यांना त्यात जात्यभिमानाचा अवशेष दिसला. ख्रिस्ती होऊनही पूर्वजांच्या चालीरीती जपण्यात रमाबाईंना विसंगती वाटत नव्हती.

३/ तो वाद अंड्याचा होता, दुधाचा नव्हे. चॉकलेटमध्ये दूध आले तेच मुळी उशिरा. मेक्सिकोत कोको पाण्यात घुसळून पीत. १८४७ मध्ये इंग्लंडच्या फ्राय कंपनीने केलेली वडी कोको, साखर आणि कोको बटरची होती. दुधाचे चॉकलेट डॅनियल पीटर यांनी स्वित्झर्लंडमध्ये १८७५ च्या सुमारास घडवले.

४/ म्हणजे दूधविरहित चिप्स ही नवी टूम नव्हे. मूळ कृतीकडे परतणे आहे. भारतात हिरवा ठिपका दुधाला मुभा देतो, म्हणून घटकांची यादी वाचावी. व्हीगन पदार्थांचे स्वतंत्र नियम २०२२ मध्ये आले.

५/ घरी करायच्या तर वितळलेल्या कोको बटरमध्ये कोको पावडर आणि पिठीसाखर मिसळून थर गार करावा व तुकडे करावेत. दौंडच्या गुऱ्हाळांचा गूळ मोह घालतो. पण त्यातील ओलाव्याने मिश्रण आळून रवाळ होते.

६/ ताटात काय असावे, हे कोणी ठरवायचे? वाँटेजमधला तो प्रश्न अजून शिळा झालेला नाही.